बावीस नंबरचा पोर्ट

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या हातात डायलिसिससाठी फिस्टुला केला होता. मनगटाच्या वर एक जाड, फुगलेली शीर. तिच्यावर बोट ठेवलं तर आत मशीन चालू असल्यासारखी थरथर लागायची. मुलुंडच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्याच शिरेत दोन सुया खुपसायचे आणि मग चार तास तो हात हलवायचा नाही. उजवा हात मोकळा असायचा. पण एका हाताने लॅपटॉप सांभाळायचा आणि त्याच हाताने टाईप करायचं, हे त्याला जमेना. लॅपटॉप पोटावरून घसरायचा. एकदा घसरताना त्याने दचकून डावा हात उचलला, सुई हलली आणि चादर रक्ताने भरली. तेव्हापासून त्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून टाईप करायचं काम माझ्याकडे आलं.

मी भांडुपच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. सकाळची शाळा. दुपारी सुटले की थेट सेंटरवर. कॉम्प्युटरशी माझा संबंध मार्क भरण्यापुरता. भावाचं मात्र सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. आधी तो अंधेरीला एका वेब होस्टिंगच्या कंपनीत होता. लोकांच्या वेबसाइट ज्या मशीनवर राहतात, त्या मशीन सांभाळायच्या हे त्याचं काम. मग कंपनीने आपल्या मशीन काढून टाकल्या, सगळं एका मोठ्या परदेशी कंपनीच्या जागेत हलवलं आणि माणसं कमी केली. त्यात हा गेला. घरी बसून त्याने स्वतःचं काम सुरू केलं. एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्याच्यावर छोट्या लोकांच्या वेबसाइट ठेवल्या. कांदिवलीचा एक क्लास, बोरिवलीचे एक जनावरांचे डॉक्टर, आमच्याच समाजातलं एक वधूवर मंडळ, भांडुपला राहणाऱ्या कोकणातल्या लोकांचं एक ग्रामस्थ मंडळ. अशी माणसं. लग्न केलं नाही. आईसोबत मुलुंड ईस्टच्या घरात राहायचा. आणि पस्तिशी ओलांडता ओलांडता किडन्या गेल्याचं कळलं.

मला टाईप करायला बसवलं तेव्हा पहिल्या दिवशी मी विचारलं की नक्की काय करतोय आपण. तो म्हणाला, ताई, डोकं लावू नकोस, मी सांगतो तसं टाईप कर. पण मी शिक्षिका. न समजता लिहिणं मला जमत नाही. दोन-तीन दिवस मी सारखं विचारत राहिले, तेव्हा कंटाळून त्याने समजावलं.

बाबा घाटकोपरच्या पोस्टात होते. रजिस्टरच्या खिडकीवर बसायचे. आम्ही दोघं लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचो, त्यामुळे ते पोस्ट आम्हाला घरासारखंच माहीत होतं.

"पोस्टाचा पत्ता किती?" त्याने विचारलं.

"एकच."

"पण आत खिडक्या किती? तिकिटांची वेगळी, रजिस्टरची वेगळी, बचत खात्याची वेगळी. कुणी बाबांच्या खिडकीवर पासबुक घेऊन आलं तर बाबा काय करायचे?"

"परत पाठवायचे."

"बस. सर्व्हर म्हणजे ती इमारत. पोर्ट म्हणजे खिडकीचा नंबर."

मग त्याने एकेक नंबर सांगितला. ऐंशी नंबरवर कुणीही यावं आणि वेबसाइट मागावी; तिथून पान उघड्या पोस्टकार्डासारखं येतं, वाटेत कुणीही वाचू शकतं. तेच पान चारशे त्रेचाळीसवर मागितलं की बंद पाकिटातून येतं, म्हणून हल्ली सगळे तिथेच जातात. एका सर्व्हरचा मेल दुसऱ्या सर्व्हरकडे पंचवीसवर जातो. आपल्या माणसांनी मेल पाठवायचा तो पाचशे सत्त्याऐंशीवरून, आणि आलेला वाचायचा तो नऊशे त्र्याण्णववर. डेटाबेसची खिडकी तेहेतीसशे सहा. ती इमारतीच्या आतल्या लोकांसाठी, बाहेरच्याला ती दिसताही कामा नये.

"आणि बावीस?" मी विचारलं, कारण रोज पहिल्यांदा आम्ही त्याच नंबरवरून आत जायचो.

"बावीस म्हणजे मागचा दरवाजा. स्टाफचा. सगळं बंद झालं तरी चालेल, हा बंद होता कामा नये. हा बंद झाला तर आपणच बाहेर."

हे तो मला इतक्या वेळा बोलला की मला कंटाळा आला. कुठलाही बदल करायच्या आधी तो स्वतःशीच म्हणायचा, आधी बावीस, मग बाकीचं.

आणखी एक गोष्ट त्याने शिकवली, ती मला अजून आठवते. एखाद्या पोर्टवर गेलो आणि आत जाता आलं नाही, तर दोन प्रकार असतात. कधी लगेच उत्तर येतं की नाकारलं. म्हणजे मशीन जागं आहे, त्या खिडकीवर कुणी बसलेलं नाही एवढंच. कधी काहीच उत्तर येत नाही. आपण थांबतो, थांबतो आणि शेवटी आपलंच मशीन कंटाळून सांगतं की वेळ संपली. तेव्हा समजायचं, एकतर मशीन बंद आहे, नाहीतर मध्ये भिंत आहे आणि ती आपल्याशी बोलायलाही तयार नाही.

त्या दिवसांत मला ते काम आवडायला लागलं होतं, हे आज लिहायला जड जातं. सेंटरचा हॉल लांबट, एसी जोरात, दोन्ही बाजूंना खाटा आणि प्रत्येक खाटेशेजारी एक गुरगुरणारं मशीन. माणसं पांघरूण डोक्यापर्यंत ओढून पडलेली. एक दिवसाआड तेच चेहरे. मधूनच एखादी खाट रिकामी दिसायची आणि पुढच्या वेळी तिथे नवीन माणूस असायचा. त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. आम्ही दोघं मात्र खालच्या आवाजात नंबर बोलत बसायचो. नर्सला वाटायचं की आम्ही रिपोर्टमधले आकडे वाचतोय.

मग एक दिवस सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा मेल आला. आमच्या सर्व्हरचा तेहेतीसशे सहा बाहेरून दिसतोय, तो ताबडतोब बंद करा, नाहीतर आम्हाला सर्व्हर थांबवावा लागेल. भावाने कधीतरी कांदिवलीच्या क्लाससाठी तो उघडला होता आणि तसाच राहिला होता. त्याला ते फार लागलं. पूर्वी मी दुसऱ्यांना असे मेल पाठवायचो, असं तो म्हणाला.

त्या दिवशी त्याचं बीपी खाली होतं. ओठ पांढरे पडले होते, बोलताना मध्येच शब्द सुटायचे. मी म्हटलं, उद्या करू. त्याने ऐकलं नाही. फायरवॉलच्या, म्हणजे कुठली खिडकी उघडी आणि कुठली बंद हे ठरवणाऱ्या त्या भिंतीच्या, जुन्या सगळ्या नोंदी पुसून टाक, म्हणाला, नव्याने लिहू, म्हणजे कुठे काही उघडं राहायला नको. मी पुसल्या. मग तो डोळे मिटून सांगत गेला. ऐंशी ठेव. चारशे त्रेचाळीस ठेव. मेलचे तिन्ही ठेव. बाकी सगळ्यांना बंद. आता चालू कर.

माझं बोट थांबलं. मी म्हटलं, "बावीस?"

"ते आहे आधीच."

"पण आपण आत्ताच सगळं पुसलं ना?"

"ताई, मी किती वर्षं करतोय हे काम? कर ना चालू."

आवाजात इतका वैताग होता की समोरच्या खाटेवरच्या बाईंनी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. मशीनने विचारलं, खात्री आहे का. मी हो दाबलं.

काही झालं नाही. पडद्यावरची ओळ तशीच लुकलुकत होती. आम्ही आत होतोच, त्यामुळे आतच राहिलो. मला वाटलं, माझंच चुकलं असेल, याला जास्त कळतं. पण सेंटर तळमजल्याच्याही खाली होतं, तिथे मोबाइलचं नेट सारखं जायचं. थोड्या वेळाने तसंच गेलं. परत आलं तेव्हा मी पुन्हा आत जायचा प्रयत्न केला.

उत्तर आलं नाही. नाकारलं असंही आलं नाही. मी थांबले. मग वेळ संपली असं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

भावाने डोळे उघडले. मला काही सांगावं लागलं नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. मी घाईघाईने फोनवर एकेक वेबसाइट उघडून बघितली. क्लासची चालत होती, डॉक्टरांची चालत होती. लोकांच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. फक्त आम्ही बाहेर राहिलो होतो.

मला वाटलं तो चिडेल, स्वतःला शिव्या देईल. तो छताकडे बघत राहिला. मशीनचा आवाज येत होता. मग अगदी हळू म्हणाला, "ताई, मला कळलंच नाही."

मी म्हटलं, होतं रे असं. तो म्हणाला, नाही, असं होत नाही. विसरलो असतो तर वेगळं. तू विचारलंस. तू विचारलंस तरी मला ते दिसलं नाही.

सुया काढून झाल्यावर आम्ही निघालो. रिक्षात मी त्याच्या डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेलं आठवून बोलायचा प्रयत्न केला, की रक्त नीट साफ झालं नाही तर डोकंही थकतं, ते तात्पुरतं असतं. त्याने तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरून प्रयत्न केला. भाड्याच्या कंपनीच्या वेबसाइटवरून सर्व्हरच्या अगदी समोर बसल्यासारखं आत जाता येतं, कुठल्याही पोर्टशिवाय. पण त्याला मूळ पासवर्ड लागतो. भावाने तो वर्षानुवर्षं वापरलाच नव्हता. त्याच्या लॅपटॉपमधली किल्ली आपोआप लागायची. तो बसून एकेक पासवर्ड टाकत राहिला. जुन्या कंपनीतले, बाबांच्या गावाचं नाव घालून केलेले, काय काय. एकही लागला नाही. शेवटी कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. त्यांनी सर्व्हर बंद करून, पासवर्ड बदलून पुन्हा चालू केला. तेवढा वेळ सगळ्या वेबसाइट बंद. फोन यायला लागले. आईने फोन उचलून सगळ्यांना सांगितलं की लाइट गेलीय.

नवीन पासवर्ड आल्यावर मी आत गेले. बावीस उघडा करायची ओळ मीच लिहिली. तो शेजारी होता, पण त्याने पडद्याकडे बघितलं नाही.

जेवताना तो म्हणाला की आता हे आवरायचं. आईला वाटलं, टेबल आवरायचं म्हणतोय. मला समजलं.

त्याने मला एक नंबर दिला. अंधेरीच्या कंपनीत त्याच्यासोबत काम करणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणजे आता चाळिशीची. कांदिवलीला राहायची आणि दुसऱ्या एका होस्टिंगवाल्यांकडे मोठ्या पदावर होती. पूर्वी आमच्याकडे दोन-तीनदा येऊन गेली होती. आईने तेव्हा तिच्याबद्दल त्याला विचारलं होतं आणि त्याने विषय बदलला होता. नोकरी गेल्यावर त्यांचं बोलणं थांबलं, का ते मला माहीत नाही. स्वतः फोन करायला तो तयार नव्हता. मी केला. मी कोण ते सांगितलं आणि तो आजारी असल्याचं सांगितलं. कधीपासून, ते तिने विचारलं. मग म्हणाली, रविवारी येते.

ती आली. त्याला बघून तिने चेहरा सांभाळला. दोघं कामाचंच बोलले. कुठली साइट किती जागा घेते, मेल कुणाकुणाचे आहेत, कुणाचं काय जुनं झालंय. ती म्हणाली की ती स्वतःच्या नावावर एक छोटा सर्व्हर घेईल आणि सगळ्यांना तिथे हलवेल. कुणाला काही कळणार नाही. निघताना दारात चपला घालताना ती मला म्हणाली, "यानेच शिकवलं मला सगळं. मला यायचं होतं, पण याने कधी बोलावलंच नाही."

लिफ्ट आली आणि ती गेली.

मग पुढचे काही महिने एकेक साइट हलवणं चालू होतं. ती तिच्या घरून, मी सेंटरमधल्या स्टुलावरून. प्रत्येकाला फोन करून सांगायचं कामही माझंच. क्लासवाल्यांनी फक्त विचारलं, काही बदलणार नाही ना. डॉक्टरांनी भावाची तब्येत विचारली आणि ऐकून घेतलं. ग्रामस्थ मंडळाचे सेक्रेटरी काका मात्र घाबरले. म्हातारे गृहस्थ, गिरणीत होते पूर्वी, मालवणीतच बोलायचे. "बंद नको करू गो बाय. देवळाचे, जत्रेचे सगळे फोटो थयच आसत. पोरां गावाक येनत नाय, ती थयच बघतत." मी त्यांना सांगितलं की काही बंद होत नाही, फक्त जागा बदलतेय. त्यांना विश्वास वाटत नव्हता. जागा बदलली की वस्तू हरवतात, असं ते म्हणत राहिले. त्यांचे फोटो खूप होते, म्हणून त्यांची साइट आम्ही शेवटी ठेवली.

त्या काळात भाऊ माझ्याशी नंबरांबद्दल फारसा बोलला नाही. मी विचारलं तर उत्तर द्यायचा, तेही खात्री नसल्यासारखं. पूर्वी तो सांगायचा आणि मी लिहायचे. आता मी लिहून त्याला वाचून दाखवायचे आणि तो म्हणायचा, बरोबर असेल, तिला एकदा विचार. मला त्याच्या तोंडून "असेल" ऐकणं सहन व्हायचं नाही.

दिवाळीच्या आधी त्याला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात दाखल केलं. बातमी ऐकून ती मैत्रीण कांदिवलीहून रोज संध्याकाळी येऊन बसायला लागली. एका संध्याकाळी त्याला जरा बरं वाटत होतं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्याने आम्हा दोघींना विचारलं, ग्रामस्थ मंडळाची साइट हलली का. ती म्हणाली, अर्धे फोटो गेलेत.

"तोपर्यंत ऐंशी बंद करू नका," तो म्हणाला. "सगळे चारशे त्रेचाळीसवर येतात म्हणून ऐंशी बंद करतात लोक. मग त्या बंद पाकिटाचं सर्टिफिकेट रिन्यू होत नाही."

ती म्हणाली, माहीत आहे मला. तो म्हणाला, तुला माहीत आहे, ताईला सांगतोय. नर्सने येऊन मास्क पुन्हा लावला. त्यानंतर तो जेवणाबद्दल, आईबद्दल दोन-चार शब्द बोलला असेल, पण कामाचं ते शेवटचं. दोन दिवसांनी सकाळी तो गेला. मी शाळेत होते.

विहारातले लोक आले, वंदना झाली. सेक्रेटरी काका भांडुपहून आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. फोटोंचं त्यांनी काही विचारलं नाही. आठवडाभराने मीच फोन करून सांगितलं की सगळे फोटो नव्या जागी पोहोचलेत. त्यांनी फक्त "बरां" म्हटलं.

सर्व्हर रिकामा झाला होता, पण चालू होता. त्याचं काय करायचं, हे विचारायला मी तिला फोन केला. ती म्हणाली, शनिवारी दुपारी दोघी मिळून बंद करू. मी त्याच्या खोलीत, त्याच्या टेबलावर बसले. ती फोनवर होती. आत गेल्यावर मी तिला म्हटलं, मला आत कोण येऊन गेलं त्याच्या नोंदी बघायच्या आहेत. भावाने एकदा दाखवल्या होत्या. तिने ओळ सांगितली, मी लिहिली आणि पडदा भरून वाहायला लागला. जगातल्या कुठल्या कुठल्या देशांमधून कुणीतरी बावीस नंबरवर येऊन दार ढकलत होतं. माणसं नाहीत, मशीनच. एका नावाने जमलं नाही की दुसरं नाव, मग तिसरं. तो आजारी होता तेव्हाही हे चालू होतं, तो गेला त्या सकाळीही चालू होतं. मी त्या सकाळची वेळ शोधली. तिथेही ओळीमागून ओळी.

फोनवर ती म्हणाली, बघू नकोस जास्त.

आम्ही आधी मेलच्या खिडक्या बंद केल्या, मग वेबसाइटच्या. शेवटची ओळ मशीन बंद करायची होती. ती लिहून मी फोनवर वाचून दाखवली. मग मी ती ओळ पाठवली. कनेक्शन तुटलं. मी पुन्हा एकदा आत जायचा प्रयत्न केला. का, ते सांगता येणार नाही. वेळ संपेपर्यंत आम्ही दोघी फोनवर तशाच होतो. ती म्हणाली की सर्व्हरचा तो पत्ता आता काही दिवसांत दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. मी हूं म्हटलं.

ती अजून फोन करते कधीकधी. साइट सगळ्या नीट आहेत, असं सांगते. त्यानंतर आम्हा दोघींकडे बोलायला फारसं काही नसतं.

आई एकटी राहते म्हणून मी शाळा सुटली की मुलुंडला जाते. मागच्या महिन्यात आम्ही जेवायला बसलो होतो. आईने ताटातल्या भाताकडे बघत विचारलं, "तुला यायला लागलं होतं ना सगळं? मग तू का नाही चालवलंस? त्याचं नाव तरी राहिलं असतं."

मी म्हटलं, मला एवढं नाही येत आई. तिने मला वरण वाढलं. मला येत होतं. मला त्या दारातून रोज आत जायचं नव्हतं, एवढंच.